पीएचडी करून राहिलो

आमच्या फाटकावर 'डॉ. मुकुंद पांढरीपांडे' अशी पितळी पाटी लागली, तेव्हा मी डॉक्टर नव्हतो. ती पाटी उतरली तेव्हाही नव्हतो. मधल्या काळात मी नेमका कोण होतो, याबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं आहेत आणि पुण्यात तिसरं.

दोष द्यायचाच तर तो मेघाच्या आईच्या मोबाइलला द्यावा लागेल.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्या व्हरांड्यात गणित शिकायला येतात. फी नाही, हजेरी नाही. नियम एकच. उत्तर आधी लिहून मागून पायऱ्या जुळवायच्या नाहीत. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापायची कल्पना ज्याने काढली, त्या माणसाला मी एकदा भेटू इच्छितो. पण ते असो.

मेघा ही माझ्या वर्गातली सातवीची मुलगी. गणितापेक्षा प्रश्न विचारण्यात जास्त हुशार. त्या दिवशी ती आईचा मोबाइल घेऊन आली. आपण बोलायचं आणि आतल्या यंत्राने समजून उत्तर द्यायचं, अशी त्यात सोय होती. "बोल ना वं मेघा!" म्हणून बाकीच्यांनी गलका केला. मेघाने मोबाइल तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मी सरांकडे अभ्यास करून राहिली."

यंत्र अत्यंत गोड आवाजात म्हणालं, "अभ्यास पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन! अभ्यास करून आपण कुठे राहिलात?"

मुलं हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे नागपुरात 'करून राहिली' म्हणजे 'करते आहे'. काम चालू आहे, संपलेलं नाही. आम्ही जेवून राहतो, भांडून राहतो, बस आली का म्हणून पाहून राहतो. यातलं काहीही करून आम्ही कुठे मुक्काम करत नाही.

हसणं ओसरल्यावर मेघाने विचारलं, "सर, याले आपली बोली काहून समजत नाही?"

मला उत्तर माहीत नव्हतं. अशा वेळी मास्तराने जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं. "शोधून सांगतो."

हे वाक्य कुंपणापलीकडे धम्मानंदजींनी ऐकलं. धम्मानंदजी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले माझे शेजारी. बॉयलर सुटला, पण सल्ल्याचा दाब अजून तेवढाच आहे. ते तिथूनच म्हणाले, "सर, शोधून सांगतो म्हणजे रिसर्चच झाला ना! मग तो फुकट काहून करता? पीएचडी करून टाका. आपली मोनाली गाईड आहे, तुमचीच विद्यार्थिनी."

मोनाली ही त्यांची मुलगी. आता डॉ. मोनाली. विद्यापीठात संगणकीय विज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाची प्राध्यापक. शाळेत असताना तिच्या वहीवर मी लाल शाईने 'पुन्हा कर' असं लिहीत असे. वाचकांनी हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

मोनालीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. मग कोर्सवर्क. मग संशोधनाचा आराखडा. तो मंजूर झाला की दर सहामाहीला समितीपुढे हजेरी, शोधनिबंध, नक्कल केली नाही याची तपासणी, प्रबंध आणि सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा. "सर, नीट विचार करा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "एवढंच?" गणिताच्या माणसाला पायऱ्यांची भीती नसते.

पहिल्याच पायरीवर मी घसरलो. अर्जासोबत शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते करायला धम्मानंदजी मला स्कूटरवर बसवून कोर्टापाशी घेऊन गेले. झाडाखाली बसलेल्या टायपिस्टने विचारलं, "एम.एस्सी.नंतर काय केलं, काका?"

"शिकवलं."

"म्हणजे शिक्षणात खंड."

"अहो, शिक्षणातच होतो मी! उभा जन्म!"

"तुम्ही शिकवत होते. शिकत नव्हते. खंडच धरतात." त्याने कागद सरकवला. "कारण काय टाकू? आजारपण टाकू? सगळे आजारपणच टाकतात."

"आजारपण नको," धम्मानंदजी म्हणाले. "त्याचं सर्टिफिकेट मागतील. संसार टाक."

शेवटी 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे शिक्षणात खंड पडला' असं टाइप झालं. ज्या नोकरीत मी पिढ्यान्‌पिढ्यांना लसावि शिकवला, ती सरकारदरबारी एक खंड ठरली, हे दुःख मी गिळलं. पण तो कागद घरी माझी बायको अरुंधती हिने वाचला. "म्हणजे तुमच्या शिक्षणातला खंड म्हणजे मी?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या पोह्यांवर तर्रीचा रस्सा नव्हता.

प्रवेश परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारात पहारेकऱ्याने मला अडवलं. "काका, पालकांनी गेटबाहेर थांबायचं." परीक्षार्थी मीच आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग माझ्या ओळखपत्राकडे, मग आकाशाकडे पाहिलं. आत अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र होतं. त्याला माझा अंगठा दिसेचना. आयुष्यभर खडू धरून रेषाच झिजल्या होत्या. तिथली मुलगी माझा अंगठा आपल्या ओढणीला पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबत होती आणि मागची रांग सुस्कारे टाकत होती. शेवटी करंगळीचा ठसा उमटला. विद्यापीठाच्या दप्तरी मी करंगळीवर उभा आहे.

पण पास झालो! मुलाखतही पार पडली. घरी येऊन सांगितलं तेव्हा अरुंधतीच्या चेहऱ्यावरचा खंडाचा रुसवा एका क्षणात उतरला. तिने लगेच पुण्याला आपल्या भावाला फोन लावला.

इथे थोडं थांबावं लागेल. अरुंधती माहेरची पुण्याची. तिचे थोरले भाऊ सुमंतराव त्यांच्या कुलमंडळाचे चिटणीस आहेत. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "मुलगा बरा आहे. मास्तर आहे, त्यात नागपूरचा, पण बरा आहे." हे वाक्य अरुंधतीने पुढे कधीही उच्चारलं नाही. विसरली मात्र नाही. भावाशी बोलताना ती माहेरचं मराठी बोलते, वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या शालूसारखं. पण त्या दिवशी आनंदाच्या भरात शालू बाजूला राहिला आणि तोंडून घरातलं निघालं. "दादा, हे पीएचडी करून राहिले!"

पलीकडून सुमंतरावांचा आवाज मलाही ऐकू आला. "काय सांगतेस! करून राहिले? आणि आम्हाला पत्ता नाही? अगं, कशात?"

"कृत्रिम बुद्धिमत्तेत!"

"वा! मास्तरांनी कमाल केली!"

असं कौतुक त्या तोंडून अरुंधती पहिल्यांदाच ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ नुसतीच बसून राहिली. म्हणजे खरोखरच बसून राहिली.

कोर्सवर्क सुरू झालं. संगणकाला आज्ञा देण्याची जी भाषा मला शिकायची होती, ती माझ्या स्वभावाची निघाली. तिच्यात समास बरोबर सोडला नाही तर ती काम करायलाच नकार देते. मी शाळेत इतकी वर्षं ज्यासाठी आरडाओरडा केला, ते एका यंत्राला पटलं होतं. बाकी मात्र पटण्यासारखं फारसं नव्हतं. मी संशोधनाचा आराखडा लिहून मोनालीकडे दिला. तो परत आला तेव्हा वर लाल शाईत होतं, 'पुन्हा करा, सर.' त्यातलं 'सर' मला जास्त लागलं. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तिला विचारलं, "मोनाली, हा सूड तर नव्हे?"

"नाही सर," ती हसून म्हणाली. "पण तुमचं अक्षर अजून मनात आहे."

मग आवाजांचे नमुने जमवणं आलं. मी कळमन्याच्या बाजारात मोबाइल घेऊन फिरलो. संत्र्यांच्या ढिगांमधून लोकांचं बोलणं टिपलं आणि घरी येऊन ते यंत्राला प्रमाण मराठीत लिहायला सांगितलं. यंत्राने लिहिलं: हमाल पोतं उचलून राहिला, दलाल बोली लावून राहिला, बाई भाव करून राहिली; तरी सर्वांना मुक्कामासाठी शुभेच्छा! थोडक्यात, यंत्राच्या मते त्या दिवशी कळमन्यात कोणी काम करतच नव्हतं. सगळे काम उरकून वस्तीला राहिले होते.

मोठी अडचण वेगळीच होती. कोर्सवर्कचे तास संध्याकाळी असत, म्हणजे नेमके माझ्या मुलांच्या वेळेला. "मी घेतो ना वर्ग," धम्मानंदजी म्हणाले आणि खरोखरच मनापासून घेऊ लागले. आठवड्याभराने मी मुलांना विचारलं, "तीन चतुर्थांशातून अर्धा गेला, किती उरला?" एकाने हात वर करून सांगितलं, "राख!" चौकशी केली तेव्हा कळलं की धम्मानंदजींनी अपूर्णांक शिकवताना कोळशाचं उदाहरण घेतलं. कोळशावरून बॉयलर आला, बॉयलरवरून टर्बाइन. मुलं तिथेच रमली होती. त्यांना आता वाफेचं सर्व काही येत होतं. फक्त छेद समान करता येत नव्हते.

याच सुमारास पुण्याहून पार्सल आलं. आत पितळी पाटी. 'डॉ. मुकुंद पांढरीपांडे'. सोबत निरोप असा की, यंदाचं कुलसंमेलन आमच्या सोयीने नागपुरात भरवायचं ठरलं आहे. मंडळी बसने येतील, रामटेकचं दर्शन घेतील आणि संध्याकाळी कुलाच्या विद्वान जावयाचा सत्कार करतील.

सुमंतरावांचा स्वभाव आगाऊ, म्हणून पाटीही आगाऊच पाठवली असेल, असं मी धरून चाललो. ती कपाटात ठेवायला उचलली, तेवढ्यात धम्मानंदजी ड्रिल मशीन घेऊन आलेसुद्धा. "पाटी आली म्हणजे लावायची, सर. पितळ घरात ठेवून काळं पडते." मी नको म्हणणार होतो. पण अरुंधती पाटी माझ्या हातून घेऊन फाटकापाशी गेलीही होती. ती पाटीवरून पदर फिरवत होती आणि तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसत होता. मी ड्रिलची वायर लावून दिली.

त्या दिवशी मला तास नव्हता; संध्याकाळी मुलं आली. मेघा फाटकाशीच थबकली. पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमची पीएचडी झाली?"

"नाही बाळ. व्हायची आहे."

"मग हे उत्तर आधी लिहिलं ना?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नियम एकच होता, आणि तो पितळेत कोरून मोडला होता. पाटी उतरवावी तर अरुंधतीचं माहेर बस भरून येणार. ठेवावी तर उद्या मुलांसमोर कुठल्या तोंडाने बसायचं? पीएचडी तोवर पूर्ण करावी, तर समितीने आराखडासुद्धा मंजूर केलेला नाही.

सरळ सांगून टाकावं म्हणून मी सुमंतरावांना फोन केला. "सुमंतराव, थोडा गैरसमज होतो आहे. मी अजून डॉक्टर वगैरे नाही हो. मी पीएचडी करून राहिलो."

"तेच तर म्हणतो मी! करून राहिलात!" ते आनंदाने म्हणाले. "विनय पुरे झाला आता!"

मी फोन ठेवला. ज्या माणसाने या दोन शब्दांवर संशोधन करायला घेतलं होतं, त्याच्या डोक्यात तरीही काही प्रकाश पडला नाही. नैसर्गिक बुद्धिमत्तेच्याही मर्यादा असतात.

संमेलनाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या मैदानावर मांडव पडला. रामटेकचा गड चढून आलेली पुण्याची मंडळी पाय चोळत खुर्च्यांवर बसली. पहिल्या रांगेत अरुंधती, तिच्याशेजारी मोनाली. बाजूला सतरंजीवर माझी मुलं. त्यांना स्वागतगीत म्हणायचं होतं. धम्मानंदजी माइक सांभाळत होते, म्हणजे त्यात अधूनमधून फुंकत होते.

सुमंतरावांनी शाल अंगावर घालण्याआधी मी हात जोडले. "थांबा. मला आधी बोलू द्या. मंडळी, मी डॉक्टर नाही. मी पीएचडी करून राहिलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, नाही! ऐका! मी नुसतं करून राहिलो!"

आणखी टाळ्या. मागून कोणी म्हणालं, "केवढा साधेपणा!"

सुमंतरावांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमधून सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता एक सांगा मुकुंदराव. पीएचडी करून आपण कुठे राहिलात? वसतिगृहात?"

सतरंजीवरच्या सगळ्या माना वर झाल्या. मग मेघा किंचाळली, "मोबाइलसारखंच बोलून राहिले!" आणि सगळी मुलं एकदम आडवी झाली. पाठोपाठ मोनालीने तोंडाला रुमाल लावला. धम्मानंदजी तर माइकमध्येच हसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते दोन शब्द वेगवेगळे झाले.

मी खडू मागवला. स्वागताचा फळा होताच, त्यावरचं 'सुस्वागतम्' पुसलं आणि दोन रकाने पाडले. एकात पुणे, एकात नागपूर. दोन्हीकडे 'करून राहिलो' लिहिलं. पुण्याखाली लिहिलं 'झालं', नागपूरखाली लिहिलं 'चालू आहे'. मंडळींना समजलं. सुमंतरावांना सर्वांत शेवटी समजलं, कारण त्यांनाच ते समजायला नको होतं. त्यांच्या हातातली शाल तशीच राहिली. "म्हणजे... झालीच नाही?" ते म्हणाले. "अरू, तू मला चक्क..."

मला अरुंधतीकडे बघवेना. पण ती उठली. सावकाश भावाजवळ आली.

"दादा, फसवलं नाही. बोलण्यात गेलं. तुझ्याशी तुझ्यासारखं बोलायला हवं होतं, विसरले. काय करणार? मी नागपूरची होऊन राहिले."

आता हे वाक्य सुमंतरावांनी पुण्याच्या रकान्यात ठेवून पाहिलं असेल. होऊन, मग राहिली. मी नागपूरच्या रकान्यात ठेवून पाहिलं. होत होती, अजून होते आहे. दोन्हीकडे उत्तर बरोबर येत होतं. असं गणित मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सुमंतराव बहिणीकडे वळले. मग त्यांनी ती शाल उघडली आणि तिच्याच खांद्यावर घातली. "सत्कार तर करायचाच होता," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. टाळ्या आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा जोरात झाल्या. मी तर दोन्ही हातांनी, म्हणजे खडूसकट वाजवल्या.

पाटी धम्मानंदजींनी त्याच ड्रिल मशीनने उतरवली. पाटी उतरताना एवढं हलकं वाटलं की ती माझ्या डोक्यावरच ठोकलेली असावी. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी 'गणिताचा वर्ग' असं रंगवून ती पुन्हा लावून दिली. पितळ वाया जाऊ नये, ही कोराडीची शिस्त.

दुसऱ्या दिवशी मी मोनालीकडे गेलो आणि नाव मागे घेतो म्हणालो. संध्याकाळ एकच आहे, आणि ती मुलांची आहे. जमवलेले आवाज तिच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊन टाकले. तिने अगदी आदराने ऐकलं आणि मग असा सुस्कारा टाकला, की टेबलावरचे कागद हलले. "माझ्यामुळे तर नाही ना, सर?" असं तिने विचारलं खरं, पण लाल पेन टोपण लावून ठेवून दिल्यावर.

मेघाला मात्र उत्तर देणं होतं. मी तिला म्हटलं, "यंत्राला आपली बोली का समजत नाही, ते शोधलं. ते इथे राहिलेलं नाही. आपली बोली नुसती ऐकून येत नाही. इथलं होऊन राहावं लागतं. काकूंसारखं."

मेघाने थोडा विचार केला. "मग त्याले पुष्कळ वर्षं लागतील ना, सर?"

"लागू दे. आपण तोवर छेद समान करू."

पाटी उलटी फिरल्याच्या आनंदात मुलांनी त्या दिवशी तीन चतुर्थांशातून अर्धा वजा केला आणि राख न उरता एक चतुर्थांश उरला.

वर्ग संपतो न संपतो तोच सुमंतरावांचा फोन आला. त्यांची बस सकाळीच पुण्याला निघाली होती. "मुकुंदराव, बस बिघडली हो. आम्ही अमरावतीला जेवून राहिलो."

"वा! जेवा, जेवा," मी म्हटलं. "घाई नका करू. सावकाश होऊ द्या."



"अहो, जेवण केव्हाच झालं," सुमंतराव म्हणाले. "राहिलो म्हणजे मुक्कामाला राहिलो!"

स्वयंपाकघरातून अरुंधतीने सगळं ऐकलं होतं. तिथूनच तिचा आवाज आला, "यांले आपली पुण्याची भाषा काहून समजत नाही?"